तांबेबाईंचा चढता आवाज

तांबेबाईंना मी कधी ओरडताना ऐकलं नाही. पहिल्या मजल्यावरून खालच्या भाजीवाल्याला हाक मारायची असली तरी त्या जिना उतरायच्या, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "मेथीची एक जुडी ठेवा." तरीही आमच्या भोईवाड्यातल्या बायकांना इंग्रजीत आरडाओरडा करायला कुणी शिकवलं असं कुणी विचारलं, तर सगळ्यांची बोटं एकाच खोलीकडे वळतील. तेरा नंबरच्या.

आरडाओरडा हा माझा शब्द. बाईंना तो चालला नसता. त्यांच्याकडे या कामासाठी तीसेक इंग्रजी शब्द होते, आणि त्यातला कुठला कधी वापरायचा याचे नियम डॉक्टरच्या औषधासारखे कडक होते.

हल्ली त्या अँटॉप हिलला, भाचीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. मागच्या महिन्यात तिथून एका अनोळखी बाईचा फोन आला. "आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चार महिने बंद आहे. तांबेबाई म्हणाल्या, सावंतला विचारा पत्रकं कशी छापायची. आणि म्हणाल्या, तिला मजकूर मात्र लिहू देऊ नका."

ती सावंत म्हणजे मी. मजकूर का लिहू द्यायचा नाही, ते पुढे येईलच.

बाई एका सरकारी कार्यालयात इंग्रजी टंकलेखक होत्या. रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील, पण ऑफिस त्यांच्यातून गेलं नव्हतं. माणसांना त्या आडनावानं हाक मारायच्या. सावंत, परब, मोरे. "मोरे, चहा घेतेस?" असं त्या सरकारी भरतीचा अभ्यास करणाऱ्या प्रज्ञा मोरेला विचारायच्या. आणि बोलणाऱ्याचं बोलणं ऐकताना त्यांची बोटं मांडीवर टाइप करत राहायची. सुरुवातीला मला वाटलं, काही आजार असेल. मग लक्षात आलं, आपण जे बोलतोय ते ही बाई खरंच टाइप करतेय. तुम्ही कामाचं बोलत असलात की बोटं चालायची. फापटपसारा सुरू केलात की थांबायची. त्या थांबलेल्या बोटांना मी आयुष्यात कुठल्याही परीक्षकाला घाबरले नसेन एवढी घाबरायचे.

त्यांचा वर्ग शनिवारी चार वाजता, आमच्या चाळीमागच्या सार्वजनिक अभ्यासिकेच्या व्हरांड्यात भरायचा. घरकाम करणाऱ्या बायका, एक वॉचमन, हॉस्पिटलात आयाचं काम करणाऱ्या दोघी, आणि मालवणकरकाका. काका गिरणीतून घरी बसल्यापासून कुठेही काही भरलं की तिथे जाऊन बसत. लोक त्या वर्गाला 'भांडणाचा क्लास' म्हणत. बाई दर वेळी दुरुस्त करायच्या, "मागणीचा."

भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला त्यांनी एक जिना काढला होता. प्रत्येक पायरीवर एक इंग्रजी शब्द, देवनागरीत. सगळ्यात खाली, जमिनीच्या रेषेखाली, 'बेग', 'प्लीड', 'इम्प्लोर', सगळे हात पसरण्याचे शब्द. त्यांच्यावर लाल काट.

"हे तळघर," त्या सांगायच्या. "तिथे आपण जात नाही. बंद आहे."

जमिनीवर 'रिक्वेस्ट'. त्याच्यावर 'कॉल फॉर', चारचौघांत मागणं. मग 'प्रेस फॉर', म्हणजे मागणी दाबून धरायची, हात काढायचा नाही. मग 'इन्सिस्ट': आता मी इथून हलत नाही. त्यावर 'डिमांड'. आणि तिथून आवाज सुरू होतो, असं त्या म्हणत. 'क्लॅमर' ही त्यांची लाडकी पायरी. खूप जणांनी एकदम मागणं, इतकं की कोण काय म्हणतंय ते वेगळं काढता येत नाही, आणि कुणीच थांबत नाही. "हे एकट्याला जमत नाही," त्या बजावायच्या. "एकटा माणूस फार तर बोंब मारतो. क्लॅमरला माणसं लागतात." त्याच्यावर 'रेझ अ ह्यू अँड क्राय', गल्लीपासून पेपरापर्यंत सगळीकडे बोंबाबोंब. आणि अगदी वर 'अप इन आर्म्स'. त्या पायरीवर त्यांनी एवढंच लिहिलं होतं, "विचारल्याशिवाय चढू नये."

मी पहिल्यांदा त्या वर्गात गेले ती भांडायलाच. माझं बालपण पत्रकांवर गेलंय. वडील लालबागच्या छापखान्यात. उरलेली पत्रकं घरी यायची. लोक कपाटाच्या खणात वर्तमानपत्र अंथरतात, आमच्याकडे पत्रकं असत. मी अक्षरं लावायला शिकले ती 'धडक मोर्चा' आणि 'निर्णायक लढा' यांवर. पुढे तसली पत्रकं स्वतःच लिहू लागले. तेव्हा गिरणगावातल्या कामकरी बायकांना मागण्यासाठी इंग्रजी कशाला, हा माझा सवाल होता, आणि तो मी उभी राहून, हात वर करून विचारला. मराठीची गळचेपी, गुलामीची मानसिकता, सगळं काढलं.

बाईंची बोटं पहिल्या दोन वाक्यांनंतर थांबली होती.

"तुमच्या पत्रकांत दर पंधरवड्याला निर्णायक लढा असतो ना?" त्यांनी विचारलं.

"असतो."

"मग निर्णय कधी लागतो?"

सगळा व्हरांडा हसला. मालवणकरकाका सगळ्यात मोठ्यानं.

बाई हसल्या नाहीत. "सावंत, बस. अर्ज आपण मराठीतच करतो. पहिला कागद मराठीच. पण फाइल वर गेली की वरचे साहेब आपल्याबद्दल इंग्रजीत लिहितात. मी चौतीस वर्षं ते टाइप केलंय. ते स्वतः काही मागतात तेव्हा 'रिक्वायर' करतात, म्हणजे ती गरज. आपण मागतो तेव्हा 'क्लॅमर' करतो. हे शब्द आपल्यासाठीच बनवलेत, आपल्या पाठीमागे वापरायला. ते आपल्याला माहीत नकोत?"

मी बसले. तेव्हापासून दर शनिवारी बसत राहिले.

त्या टायपिंगची एक गोष्ट बाईंनी एकदाच सांगितली. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. चाळीत पाणी येत नव्हतं आणि बायकांचा हंडा मोर्चा त्यांच्याच कार्यालयावर आला. खाली फाटकाशी हंडे वाजत होते. वर साहेब खिडकी लावून नोट सांगत होते आणि बाई टाइप करत होत्या: जमाव अधिकाधिक गोंगाट करू लागला आहे, हट्टाला पेटला आहे, दखल घेण्याचं कारण नाही.

"खिडकी बंद होती तरी एक आवाज ओळखू येत होता," बाई म्हणाल्या. "माझ्या आईचा. तिला ठाऊक होतं मी वर आहे. ती मला हाक मारत नव्हती हं. ती साहेबाला हाक मारत होती. आणि मी इथे लिहीत होते, दखल घेण्याचं कारण नाही."

"मग तुम्ही काय केलंत?" प्रज्ञा मोरेनं विचारलं.

"टाइप केलं. नोकरी होती. पण संध्याकाळी घरी जाऊन आईला प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला. ती काय म्हणाली माहितेय? म्हणाली, 'म्हणजे ऐकू गेलं म्हणायचं त्याला. बरं झालं. उद्या परत जाऊ.' पाणी आलं अकराव्या दिवशी."

त्या रात्रीपासून बाईंनी वहीत शब्द टिपायला सुरुवात केली. साहेबांच्या नोटांमधून, येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांमधून. आपल्या माणसांच्या आवाजाला साहेब लोक कधी काय म्हणतात, आणि काय म्हटल्यावर फाइल हलते. त्यांच्या ध्यानात आलं की शब्दाच्या जोरावर काही ठरत नाही. पत्रात लिहिलंय तसं फाटकाशी घडलं, तरच फाइल हलते. त्यांचा सगळा वर्ग या एका गोष्टीवर उभा होता. कागदावरचा शब्द आणि रस्त्यावरची माणसं एकाच पायरीवर हवीत. एक वर नाही, एक खाली नाही.

सुनंदा परबनं हे कसं वापरलं, ते अजून आमच्याकडे रंगवून सांगतात. सुनंदा परळच्या एका टॉवरमध्ये स्वयंपाक करायची. कामवाल्यांची लिफ्ट बिघडली होती आणि मोठ्या लिफ्टमध्ये त्यांना मनाई. तेवीस मजले चढून चपात्या लाटायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडम इंग्रजीशिवाय बोलत नसत. बाईंनी सुनंदाकडून एकेक पायरी घोकून घेतली. पहिल्या आठवड्यात ती एकटीच जाऊन 'रिक्वेस्ट' करून आली. काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात सहाजणी गेल्या आणि सुनंदानं सांगितलं, "मॅडम, वुई मस्ट इन्सिस्ट."

मॅडम भडकल्या. "डोन्ट शाउट ॲट मी!"

सुनंदा शांतपणे म्हणाली, "नो शाउटिंग, मॅडम. शाउटिंग इज नेक्स्ट वीक."

शनिवारी हे तिनं वर्गात सांगितलं तेव्हा वॉचमन हसता हसता खुर्चीवरून घसरला. "आणि बाईनू," सुनंदा म्हणाली, "माका तेंची भीती नाय वाटली. तेंकाच माझी वाटली. तारीख विचारूक लागली, नेक्स्ट वीक म्हणजे कधी?"

"मग? सांगितलीस?"

"सोमवार, साडेआठ."

रविवारी संध्याकाळी मोठ्या लिफ्टवरचा मनाईचा बोर्ड निघाला. मी त्याला धमकीचा विजय म्हटलं. बाईंची बोटं थांबली. "धमकी काय? तिनं वेळापत्रक दिलं. खरं वेळापत्रक. सोमवारी खरंच चौदाजणी येणार होत्या, हे त्या मॅडमना टॉवरच्या वॉचमनकडून कळलं. खरं असतं म्हणून ऐकतात, सावंत."

हे माझ्या डोक्यात तेव्हाच शिरायला हवं होतं.

पुढच्याच वर्षी अभ्यासिकेच्या दारावर नोटीस लागली. ज्या कार्यालयाची ती जागा, त्याचं नाव मी लिहीत नाही. ते अजून तिथेच आहे आणि आम्हांला त्याच्याशी काम पडतं. जुनं रेकॉर्ड ठेवण्यासाठी अभ्यासिका 'तात्पुरत्या स्वरूपात' ताब्यात घेण्यात येत आहे, महिन्याभरात रिकामी करावी. तात्पुरत्या स्वरूपात म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लहानपणापासून आम्ही ज्या बंद दारांवर क्रिकेटचे स्टंप काढले, ती सगळी तात्पुरतीच बंद झालेली होती.

अकरा टेबलं, सहा पंखे. एवढीच ती अभ्यासिका. पण प्रज्ञा मोरेच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं होती. तिची सरकारी भरतीची परीक्षा सात आठवड्यांवर आली होती आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी. त्या मुलीला जगात एकच टेबल होतं, खिडकीकडून तिसरं. तिनं नोटीस वाचली, आत जाऊन त्या टेबलाशी बसली आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही.

बाई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होत्या. मला थांबवणारं कुणी नव्हतं. माझं रक्त उसळलं होतं. एका बैठकीत मी दोन पानी इंग्रजी पत्र लिहिलं आणि त्यात वरची पायरी घातली: द एन्टायर लोकॅलिटी इज अप इन आर्म्स. अख्खी वस्ती पेटून उठली आहे. कार्यालयात जाऊन दिलं, पोच घेतली, आणि पोचेचा फोटो ग्रुपवर टाकला. त्याला एकवीस अंगठे आले.

चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता एक अधिकारी पेटलेली वस्ती बघायला आले. बरोबर दोन हवालदार. अभ्यासिकेत प्रज्ञा आणि आणखी तीन मुली वाचत होत्या. कोपऱ्यात मालवणकरकाका तोंडावर पेपर घेऊन झोपले होते. अधिकाऱ्यांनी इकडे-तिकडे पाहिलं.

"इथे आंदोलन कुठे चाललंय?"

काकांनी पेपर बाजूला केला. "आंदोलन नाय बा. पण आलाच आहात तर तो पंखा एक नंबर कमी करा. वारा लागतो."

त्यांनी पंखा कमी केला आणि गेले. जाऊन शेरा मारला: स्थळपाहणी केली. कोणताही असंतोष आढळला नाही. जागा विनाअडथळा ताब्यात घेता येईल.

बाई हॉस्पिटलातून आल्या, तेव्हा एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मी सगळं सांगितलं. त्यांची बोटं पहिल्यापासूनच हलली नाहीत.

"खोटं लिहिलंस," त्या म्हणाल्या.

"खोटं? लोक चिडलेत, बाई!"

"किती?"

"सगळे."

"नावं सांग."

मी सांगू लागले. आठ नावांनंतर अडखळले.

"मग आठजण लिहायचं. तू शब्द वर पाठवून दिलास, सावंत, आणि त्याच्यासोबत माणूस एक नाही. साहेब आले तेव्हा तुझा शब्द एकटाच उभा होता तिथे. आता त्यांना वाटणार, यांचे सगळेच शब्द असे."

मला रडू आलं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मला शिव्या चालतात, खोटारडी म्हटलेलं चालत नाही. बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला आणि कपाटातून कोरे कागद काढले. "चल. खालपासून. बावीस दिवस आहेत."

पहिल्या पत्राची सुरुवात अशी होती: आम्ही आठजण विनंती करतो. खाली आठ सह्या. बाईंनी नियम घातला, ज्यानं सही केली त्यानं पत्र द्यायला यायचं. जमणार नसेल तर सही खोडायची. आमच्याकडे लोक सही म्हणजे पाणी पिण्यासारखं समजतात. कुणी कागद पुढे केला की करून टाकतात. या नियमानं खळबळ उडाली. किराणावाल्या गुप्तांनी सही खोडली. दुसऱ्या दिवशी बायकोबरोबर येऊन दोघांच्या केल्या.

आठ गेलो. चार दिवसांनी एकतीस. पत्रात शब्द बदलला, 'प्रेस फॉर', आणि आकडा बदलला. प्रत्येक पत्र देण्याआधी बाई चौकात ते हळू आवाजात वाचून दाखवायच्या. ऐकायला लोकांना अगदी जवळ यावं लागे. तिथे उभ्या असलेल्या माणसाला कळायचं, या कागदात एकतीस लिहिलंय आणि त्यातला एकतिसावा मी आहे. गेल्या कित्येक वर्षांत 'प्रचंड संख्येने' लिहिलेली पत्रकं मी हजारांनी वाटलीत. त्यांतलं एकही वाचून कुणाची मान अशी ताठ झालेली मी पाहिली नव्हती. 'इन्सिस्ट'च्या पत्रावर चौसष्ट सह्या होत्या आणि चौसष्ट माणसं जिन्यात उभी होती. आवक कारकुनानं आधी मोजली, मग शिक्का मारला.

उत्तर काही आलं नाही. पाच दिवस उरले. अभ्यासिकेच्या दाराशी रेकॉर्डच्या गठ्ठ्यांनी भरलेला पहिला टेम्पो येऊन उभा राहिला.

बाईंनी पुढचं पत्र लिहिलं. सोमवारी अकरा वाजल्यापासून आम्ही क्लॅमर करू, एवढी एकच ओळ.

"घोषणा मी लिहिते," मी म्हटलं. "थाळ्या आणायला सांगते सगळ्यांना."

"थाळ्या जेवायच्या," बाई म्हणाल्या. "आपलं जातंय काय? वाचायची जागा. मग तिथे जाऊन वाचू या. मोठ्यानं."

सोमवारी अकरा वाजता त्या कार्यालयाच्या जिन्यावर, व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपाजवळ, जिथे जागा मिळेल तिथे माणसं बसली, आणि ज्यानं त्यानं आपलं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. प्रज्ञा नद्या आणि त्यांच्या उपनद्या. तिच्या शेजारी नर्सिंगची मुलगी शरीरातली हाडं, डोक्यापासून पायापर्यंत. एकजण संविधानाची कलमं. एकजण चक्रवाढ व्याजाची उदाहरणं. सुनंदा परब बाईंच्या जिन्यातले सगळे शब्द, तळघर वगळून. मालवणकरकाकांना अभ्यास नव्हता, तर ते पेपरातल्या वधू-वर जाहिराती वाचत होते: "गोरी, गृहकृत्यदक्ष, रत्नागिरीकडील..." त्याच्यावर मागून, "मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी..."

शिपाई धावत आला. "ए, ओरडू नका!"

"ओरडत नाही, दादा," प्रज्ञा म्हणाली. "अभ्यास करतेय. परीक्षा आहे माझी." आणि पुन्हा वरच्या पट्टीत, "गोदावरीच्या उपनद्या!"

वाचायला मनाई करणारा नियम त्यांना सापडला नाही. त्यांनी खरंच शोधला. आतमध्ये कुणाला फोन ऐकू येईना. एक वाजता आम्ही पुस्तकं मिटली, जिना झाडला आणि घरी आलो. मंगळवारी परत अकराला. आता माटुंग्याहून कॉलेजची मुलं आली होती, भौतिकशास्त्राची जाडजूड पुस्तकं घेऊन. बुधवारी जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आवाज असा झाला होता की त्यात कुणाचं काय ते कळेना, फक्त एवढं कळत होतं की तो थांबणार नाही. मी मधोमध उभी होते, हातात माझं जुनं इतिहासाचं पुस्तक. पाठ केलेली एकही घोषणा मला एवढी मोठी वाटली नव्हती.

बारा वाजता साहेब बाहेर आले. तेच, पंखा कमी करणारे.

"यांचा नेता कोण?"

कुणी वाचायचं थांबलं नाही. खालच्या पायरीवर बसलेल्या बाई उठल्या, साडी सारखी केली, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या बोलल्या ते साहेबांना ऐकू गेलं नाही. त्यांना वाकावं लागलं.

"नेता नाही, साहेब. पत्र आहे. चार पत्रं. सगळ्यांची पोच आहे."

"तुम्हांला माहितेय, तुम्ही सरकारी कामात—"

"पत्रात लिहिलं होतं तेवढंच चाललंय. जास्त काही नाही. पुढच्या पत्रात काय लिहायचं ते आज ठरेल."

साहेबांनी जिन्यावरून खाली नजर टाकली. "पुढे काय असतं?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या मुलीनं एकदा लिहिलं होतं ना तुम्हांला, अप इन आर्म्स. तेव्हा ते खरं नव्हतं. तुम्ही येऊन बघून गेलात, शेराही बरोबर मारलात. यापुढे आम्ही लिहू तेव्हा खरं असेल."

मागे कुणीतरी खांद्याच्या हाडापाशी पोचलं होतं. मग साहेब म्हणाले, "आत या."

पाऊण तास लागला. बाहेर आम्ही वाचत राहिलो. प्रज्ञाचा घसा बसला तेव्हा तिचं पुस्तक मी घेतलं आणि नद्या पुढे नेल्या. दारातून बाईंची पाठ दिसत होती. ऑर्डर टाइप होत होती आणि कॉम्प्युटरवरच्या मुलाच्या जोडीनं बाईंची बोटं टेबलाच्या कडेवर चालली होती. अभ्यासिका आहे तिथेच आणि आहे तशीच चालू राहील. रेकॉर्डसाठी दुसऱ्या जागेची व्यवस्था करण्यात येईल. सही झाली. साहेबांनी कागद पुढे केला.

बाईंनी घेतला नाही. "जावक क्रमांक घाला, साहेब. आणि तारीख."

क्रमांक पडला, शिक्का पडला. बाई बाहेर आल्या, कागद त्यांनी प्रज्ञाच्या हातात दिला. प्रज्ञाला आवाज नव्हता. तिनं तो फक्त डोक्यावर धरला, दोन्ही हातांनी, आणि त्या जिन्यावर जो काही आवाज उठला त्याला बाईंच्या तीस शब्दांतही नाव नव्हतं.

मंडळाची पोरं ढोल घेऊन आली. गुलाल कुणी आणला माहीत नाही. सुनंदा फुगडी घालत होती ती थेट वॉचमनबरोबर. मालवणकरकाकांना दोघांनी खांद्यावर घेतलं होतं आणि ते वरून प्रत्येकाला सांगत होते, "पंख्याचं मी बोललो होतो हां साहेबाशी!" बाईंना उचलायला गेले तेव्हा त्यांनी नुसतं पाहिलं, पोरं मागे सरली. रस्त्याभर दुकानदार बाहेर येत होते. मी चालता चालता उद्याच्या पत्रकाचा मथळा जुळवत होते, निर्णायक विजय, आणि यावेळी तो शब्द मला कुणी खोडायला सांगणार नव्हतं. टेम्पो गठ्ठ्यांसकट निघून गेलेला होता. मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली तेव्हा ढोल छातीत वाजत होते.

अभ्यासिकेच्या दारात बाई उभ्या होत्या. आमच्या आधीच पोचल्या होत्या. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, कपाळावर कुणीतरी लावलेला गुलाल. त्यांनी हाताचा तळवा वर केला. पुढचा ढोल थांबला, मग मागचे थांबले.

त्या इतक्या हळू बोलल्या की पुढच्या रांगेनं मागच्यांना सांगितलं आणि मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना.

"आत मुली बसल्यात."

खिडकीकडून तिसऱ्या टेबलावर प्रज्ञा पुस्तक उघडून बसली होती. तिच्या मागे आणखी चौघी. परीक्षेला जेमतेम तीन आठवडे होते. बाईंनी आत पाऊल टाकलं आणि आमच्या तोंडावर दार ओढून घेतलं.

मग आम्ही दीडशे माणसं, गुलालानं माखलेली, चपला हातात घेऊन, ढोल पोटाशी धरून, पावलांचा आवाज होऊ न देता गल्लीबाहेर निघालो.